डाव्या बुटाची चाचणी

गॅलरीच्या गजाला माझा डावा बूट टांगलेला होता आणि त्याच्यातून झाड उगवले होते. हे मी मुद्दाम इतक्या सरळ शब्दांत सांगतो आहे, कारण त्या सकाळी मला ते दिसलेही असेच, तपासणीच्या अहवालातल्या एखाद्या नोंदीसारखे. संताप मागाहून आला. प्रथम मी नाडीची गाठ पाहिली. गजाभोवती वेढे घेऊन वर वाण्याच्या पुडीला मारावी तशी गाठ. ही नाडी मी स्वतः निवडलेली, गोल विणीची, मेण चोळलेली, ओली झाली तरी न फुगणारी. तिला अशी गाठ मारणाऱ्याच्या हाती मी सुईदोराही दिला नसता. मग झाड पाहिले. बारीक गोल पानांचे, जांभळ्या फुलांचे, खाली लोंबणारे, अत्यंत प्रसन्न. बुटाची जीभ ओढून बाहेर काढली होती आणि एखाद्याने आ वासून पाला ओकावा तसे ते झाड तिच्यावरून ओघळले होते. उजवा बूट खाली, मातीच्या रिकाम्या पिशवीशेजारी, आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता. माझ्या कपातला चहा बशीत सांडला आणि बशीतला पायावर. तो गरम होता. निदान एवढी एक गोष्ट तरी त्या सकाळी जशी असायला हवी तशी होती.

डोंगरावर चालण्याचा बूट ही काय चीज असते हे लोकांना समजत नाही, आणि समजत नाही याची त्यांना लाजही वाटत नाही. ते त्याला चप्पल समजतात. डोंगरावरून येतात, चिखलासकट दाराशी भिरकावतात, आठ दिवसांनी आठवण झाली की नळाखाली धरतात आणि लवकर वाळावा म्हणून उन्हात किंवा हीटरपुढे ठेवतात; मग चामड्याला भेगा पडल्या की दुकानदाराच्या नावाने शंख करतात. चामडे ही कातडी आहे. तिला घाईने वाळवले की ती आक्रसते, जशी माणसाची आक्रसते. मी परतल्यावर आधी बूट आणि मग माझे स्वतःचे पाय, हा क्रम कधी मोडला नाही. नाड्या काढायच्या. आतला तळवा काढून वेगळा वाळत घालायचा. सुका चिखल मऊ ब्रशने झाडायचा, खाचांतला लाकडी काडीने; लोखंडी कधीही नाही. कोमट पाणी, चामड्याचा साबण, तोही फडक्याला लावून, बुटाला नव्हे. मग आत वर्तमानपत्राचे बोळे, ते ओले झाले की नवे, आणि सावलीत, वाऱ्यावर, घाई न करता वाळवण. किंचित दमट असतानाच बोटाने मेण, कारण बोटाची ऊब ब्रशला नसते, शिवणीवर दुप्पट. घरात याला 'बाबांचं ऑपरेशन' म्हणत. मुलगा लहान असताना मित्रांना दारातूनच परत पाठवी, "आज बाबांचं ऑपरेशन आहे, आवाज करायचा नाही." मी ते हसण्यावारी नेले. ज्या कामात आपण बिनचूक असतो त्या कामाची थट्टा सहन करता येते.

माझ्या बायकोची पद्धत वेगळी होती. तिला पद्धत म्हणणे हा माझ्या शिक्षणाचा अपमान आहे. ती दोन्ही बूट हातात घेई, गॅलरीबाहेर हात काढी आणि टाळ्या पिटाव्यात तसे ते एकमेकांवर आपटी. चिखलाची ढेकळे खालच्या मजल्यावर वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत. वकीलबाई खालून ओरडत, "काय हो ताई, अख्खा डोंगर उचलून आणलात की काय?" आणि ही वरून सांगे, "निम्माच आणलाय! निम्मा पुढच्या खेपेला!" दोघी खिदळत. मी आत ब्रश घेऊन शरमेने बसलेला असे. तिच्या बुटांना मेण मीच लावायचे ठरवले, तर तिने ते काखोटीला मारून पळवले होते. "माझ्या पायातलं आहे ते, तुमच्या कारखान्यातलं नाही." ओढ्यापाशी तर आमचे रोजचेच भांडण. मी दगड निवडून, तोल साधून, एका दगडावरून दुसऱ्यावर उडी घेत पार होई. बुटाच्या टाचेलाही पाणी लागू देत नसे. ती सरळ पाण्यात उतरून चालत येई आणि पलीकडे माझ्या आधी पोहोचलेली असे. "अहो, पाय काय साखरेचे आहेत का विरघळायला? आत गेलेलं पाणी बाहेरही येतं." मी तिला चामड्याच्या शिवणीविषयी सांगू लागलो की ती बूट काढून त्यातले पाणी माझ्यासमोर उलटे करून दाखवी, जणू काही सिद्ध झाले होते. काहीही सिद्ध झाले नव्हते. तिचे बूट माझ्या बुटांच्या निम्मेही टिकले नाहीत. ती स्वतःही टिकली नाही, पण तो निराळा विषय आहे आणि त्यात दोष बुटांचा नव्हता.

"पाहिलंत का?" सूनबाई मागून आली. तिच्या हातात डब्याची पिशवी होती. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सकाळी लवकर निघते. "गोड दिसतंय ना? रात्री केलं. तुम्ही झोपला होतात म्हटलं सकाळी सरप्राइज."

"हा माझा बूट आहे."

"हो ना, म्हणूनच तर! फेकवेना."

"फेकण्याचा विषय कोणी काढला होता?"

"कोणी नाही हो बाबा. पण असे किती वर्षं पिशवीत पडून राहणार ते?"

"पडून नव्हते. मी ते ठेवले होते."

ती माझ्याकडे पाहू लागली. मुलगी वाईट नाही. माझ्या गुडघ्याला रोज सकाळी शेकण्याची पिशवी तीच आणून देते, आणि मी घेत नसलो तरी गरम असल्याचे सांगत तिथेच उभी राहते. हे मी न्यायाने नोंदवतो. परंतु न्याय हा न्याय आहे आणि बूट हा बूट. मी तिला विचारले, यात पाणी घातले की ते जाते कुठे? झाडाविषयीच विचारले होते. ती खुलली. "त्याची सोय केलीये ना! खाली भोक पाडलंय. तुमच्याच ड्रिलनं."

त्या क्षणी मला खाली बसावेसे वाटले, पण गॅलरीत बसण्याजोगे काही नव्हते. मी बूट गजावरून सोडवून उलटा केला. टाचेच्या मधोमध, जिथे तळ सर्वांत जाड असतो आणि पाणी कधीच साचत नाही अशा ठिकाणी, एक ओबडधोबड भोक होते. त्याच्या काठाला रबराच्या चिंध्या लोंबत होत्या. असे भोक मी शिकाऊ मुलांच्या पहिल्या आठवड्यातही पाहिले नाही. "कोणी पाडलं?" "तुमच्या चिरंजीवांनी," ती म्हणाली, आणि चिरंजीव तोंडात टूथब्रश धरून दारात उभेच होते.

"कोणतं बिट लावलंस?"

त्याने ब्रश काढला. "काय माहीत. मशीनला होतं तेच."

"ते भिंतीचं बिट आहे. विटेला भोक पाडायचं! रबराला भिंतीचं बिट लावतात? तू कुणाच्या घरात वाढलास?"

"बाबा, भोकच पाडायचं होतं, व्हॉल्व्ह नव्हता बनवायचा. आणि खरं सांगू? जोरच लावावा लागला नाही. लोण्यात सुरी जावी तसं गेलं आत."

हे वाक्य मी त्या वेळी उद्धटपणात जमा केले. माझ्या बुटाचा तळ म्हणजे लोणी! ज्या तळाने निसरड्या कातळावर, सुट्या खडीवर, ओल्या गवतावर मला कधी दगा दिला नाही! दोन वर्षांपूर्वी मी पडलो तो स्वयंपाकघरात, नळाखालच्या थेंबांनी ओल्या झालेल्या फरशीवर, अनवाणी. गळत्या शोधण्यात आयुष्य घालवलेला माणूस घरातल्या गळतीवर घसरला, हा विनोद इस्पितळात माझ्या खाटेभोवती बराच चालला. गुडघ्यात धातूची पट्टी बसवली गेली. डॉक्टर म्हणाले, चालत राहा, पण उड्या नकोत, उतार जपून. ते वाक्य पुरते असे होते. घरी येईपर्यंत त्यातला पहिला भाग कुठे सांडला कोण जाणे. उरले ते 'नकोत' आणि 'जपून'.

"मी आता डोंगरावर जायचं नाही, हे कधी ठरलं?" मी विचारले. "कारण त्या बैठकीला मला बोलावलं नव्हतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. संसारात मुरलेली माणसे अशी पाहतात तेव्हा त्यांच्याजवळ आणखी एक बातमी असते. मुलाने तोंड धुण्याच्या निमित्ताने आत जाण्याचा प्रयत्न केला. मी बूट त्याच्या वाटेत धरला. मग तो म्हणाला, "काल संध्याकाळी पानाकाकांचा फोन आला होता. तुम्ही अंघोळीला होतात. रविवारी तलावाच्या डोंगरावर जातायत सगळे." पाना म्हणजे माझा तंत्रनिकेतनातला मित्र, त्याच्या खिशात सदैव एक पाना असे, परीक्षेतसुद्धा, म्हणून ते नाव पडले. मला ते 'गेज' म्हणतात, कारण मी मोजल्याशिवाय कशाला हो म्हणत नाही. आमच्या तुकडीची ही चढण वर्षातून एकदाच होते. गेली दोन वर्षे मी गेलो नव्हतो. त्याआधी एकदाही चुकवली नव्हती.

"मग? काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं की बाबांना आता जमत नाही."

माणूस घरात असतो, अंघोळ करत असतो, साबण लावत असतो, आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत त्याच्याविषयी 'आता जमत नाही' असा निर्णय फोनवरून दिला जातो. त्यातल्या 'आता'चा मला अधिक राग आला. झडपांच्या कारखान्यात तपासनीस असताना मी कोणताही नग नापास केला तर त्याला चाचणीच्या टेबलावर घेऊन केला. आमची पद्धत अशी: झडप बंद करायची, आत पाणी भरायचे, दाब द्यायचा आणि थांबायचे. चाचणी म्हणजे थांबणे. नवे इंजिनियर दाब देत आणि लगेच काट्याकडे पाहून 'ठीक आहे' म्हणत. मी त्यांना म्हणे, ठीक आहे हे तुम्ही नाही सांगायचे, ते तिला सांगू द्या. तिच्यासमोर उभे राहा. एक थेंब आला तर नापास. पण त्या थेंबाची वाट पाहण्याची तसदी घ्या. माझ्या बाबतीत कोणी उभे राहिले नाही. माझा दाब घेतला नाही. मला न विचारता माझी कुंडी करण्यात आली.

असे काहीसे मी बोललो असेन, आणि मोठ्याने, कारण वकीलबाईंच्या घरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या काळजीपोटी सांगितलं हो." सूनबाई म्हणाली, "तुम्हाला एवढं लागेल असं वाटलं असतं तर हात लावला नसता," आणि डबा उचलून कामावर गेली. तिच्या पाठीकडे पाहून मला जरा ओशाळल्यासारखे झाले, म्हणून मी अधिकच चिडलो.

झाडाचा यात काही गुन्हा नव्हता. मी ते मुळांसकट सोडवून एका जुन्या पातेल्यात ठेवले. कोंबून भरलेली मुळे शिवणीच्या धाग्यांत अडकली होती, ती एकेक करून सोडवायला चिमटा लागला. मग बाथरूमजवळच्या माझ्या टेबलावर फडके पसरून ऑपरेशन सुरू केले. बुटातून माती काढणे आणि बुटावरून माती काढणे यांत फरक आहे. बाहेरची माती कुठून तरी आलेली असते. तिला रंग असतो, वाट असते. तलावाच्या डोंगराची लाल, दगडी खाणीमागची पांढरट, जंगलातली काळी आणि पाल्याच्या वासाची. ब्रशाखाली ती सुटू लागली की चालून झालेले पुन्हा एकदा उलट्या दिशेने चालल्यासारखे वाटते, आधी पायथा, मग कडा, मग ते वळण जिथे बायको बसून म्हणाली होती, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा नुसतीच बसते," आणि मी घड्याळ पाहिले होते. ही आतली माती दुकानातून पिशवीने आणलेली होती. तिला कसलाच वास नव्हता. ती बोटांना चिकटेना की सुटेना. आतल्या अस्तरावर माझ्या टाचेने घासून केलेला खळगा होता, अंगठ्याच्या जागी अंगठ्याचा. तिथे हात घातला की माझाच पाय हाताला लागल्यासारखा होई. त्या खळग्यांत ती कोरी माती भरून बसली होती. मी फडके पिळून पिळून ती काढली. मग भोकाचे काठ धारदार पात्याने साफ केले, जाड रबराची गुडदी, म्हणजे बूच, कापून, दोन्ही बाजूंना चिकटद्रव लावून ठोकून बसवली, आणि वर वजन ठेवून दिवसभर वाळू दिली. गुडदी उत्तम बसली होती. नखाला जोड लागत नव्हता. मुलगा दुपारी दोनदा डोकावून गेला. "जमलं का?" त्याच्या तोंडी ते क्रियापद मला पुन्हा ऐकायचे नव्हते.

संध्याकाळी बादलीत घोट्याच्या खालपर्यंत पाणी घेतले, बुटात कोरडा वर्तमानपत्राचा कागद नीट दाबून बसवला आणि बूट पाण्यात उभा केला. सकाळपर्यंत कागद कोरडा राहिला तर रविवारी मी हे बूट घालून डोंगर चढणार, आणि ओला झाला तर पुराव्यासह हे दोघे दोषी. माझी मांडणी इतकी स्वच्छ होती. तेवढ्यात सूनबाई कामावरून आली. पिशवी खांद्यावरच होती. तिने बादलीत पाहिले, मग माझ्याकडे.

"काय करताय?"

"चाचणी."

"दुसरा कुठाय?"

"दुसरा कशाला? भोक डाव्याला आहे."

"म्हणूनच!" ती म्हणाली. सकाळचा रुसवा तिच्या आवाजात होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होते, आणि ते मी ओळखले, कारण ते माझेच होते. "नुसता एकच नमुना कसा तपासता बाबा? तुलनेला चांगला नको? उद्या कागद भिजला तर तो भोकामुळे भिजला हे कशावरून? आमच्याकडे असा रिपोर्ट दिला तर मॅडम माझ्या तोंडावर फेकतील."

तिने स्वतः दुसरी बादली आणली, पाण्याची पातळी पहिल्या बादलीशी वाकून जुळवली, उजव्यात कागद भरला. तो तिने जरा सैल भरला. मी तो काढून पुन्हा भरला. दोन बादल्यांत दोन बूट शेजारी शेजारी उभे राहिले, जणू कोणीतरी अदृश्य माणूस पाय शेकत बसला होता. "आजी असत्या तर म्हणाल्या असत्या, या पाहुण्यांना बसायला पाट तरी द्या," ती म्हणाली. माझ्या बायकोला ती आजी म्हणे, लग्न होऊन आल्यापासून. आई म्हणायला जीभ वळली नाही म्हणे. मी हसलो नाही. पण हसलो असतो तर तिथेच.

सकाळी दोघांनी मिळून पाहिले. डाव्या बुटातला कागद टाचेपाशी, गुडदीच्या जागी, कोरडा होता. पुढच्या बाजूने, काठाकाठाने, तो भिजला होता. मी उजव्यातला कागद ओढला. तो ओढताना फाटला, कारण तो लगदा झाला होता. ज्या बुटाला कोणी हात लावला नव्हता, ज्याच्यात माती भरली नव्हती, ज्याला ड्रिल शिवले नव्हते, तो माझा निर्दोष बूट डाव्यापेक्षा अधिक गळत होता.

मी चाकू घेतला. चामडे आणि खालचे रबर यांच्यामध्ये एक मऊ थर असतो, धक्के झेलणारा. चाकूचे टोक लावले आणि तो थर भुग्यासारखा, शिळ्या पावासारखा बाहेर पडू लागला. पिवळा, हलका. लोण्यात सुरी जावी तसे, मुलगा म्हणाला होता. वरचे चामडे तेजस्वी होते; त्यावर माझे मेण होते, दुप्पट शिवणीवर. आत काही उरले नव्हते. सूनबाईने तो भुगा दोन बोटांत चुरला. "आमच्याकडच्या रबरी नळ्या अशाच जातात," ती हळूच म्हणाली. "वापरल्या तर वर्षानुवर्षं चालतात. बंद पाकिटात राहिल्या की आतल्या आत चुरा. तुम्ही कशात ठेवले होते?"

तिला माहीत होते मी कशात ठेवले होते. तिनेच ती पिशवी उघडली होती. इस्पितळातून आल्यावर, कुबडी भिंतीला टेकवून, मी ते काम केले होते. बूट साफ केले, सर्वत्र मेण चोळले, तेलकट कागदात गुंडाळले, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातले, आतली हवा दाबून दाबून काढली आणि तोंड चिकटपट्टीने असे बंद केले की आत जीवजंतू जाऊ नये. मला त्या कामाचा अभिमान वाटला होता. कारखान्यात आम्ही माल असाच बांधत असू. सगळा माल नव्हे. रोजच्या गिऱ्हाइकाचा माल साध्या खोक्यातून जाई. असे बांधत असू ते बोटीने दूरदेशी जायचे ते नग. जे एकदा दाराबाहेर गेले की आपल्याला पुन्हा दिसत नाहीत. रविवारी लागणारी वस्तू असे कोणी बांधत नाही.

मला आशा होती की आता राग ओसरेल. तो ओसरला नाही. त्याला फक्त जागा उरली नाही. मुलावर ठेवू लागलो तर तो तिथून सरके, सुनेवर ठेवू लागलो तर सरके, आणि मग घरभर हिंडून माझ्याच टेबलावर येऊन बसे, चाकूशेजारी, त्या पिवळ्या भुग्यावर. सूनबाई कामावर जायची थांबली होती. अखेरीस मी उठलो, कपाटातून ड्रिल काढले, भिंतीचे बिट काढून फेकल्यासारखे खोक्यात टाकले, लाकडाचे धारदार बिट लावले आणि उजवा बूट लाकडी ठोकळ्यावर उलटा धरला.

"बाबा! अहो काय करताय!" ती ओरडली. मुलगा आतून धावत आला.

"ओरडू नका. पाणी साचलं की मुळं कुजतात. तुम्ही भोक पाडलंत टाचेला. बूट टांगल्यावर सर्वांत खाली काय येतं? टाच की बोटं? बोटं! पाणी तिकडे जाणार आणि भोक इकडे. कुणी शिकवलं तुम्हाला?" मी पुढच्या बाजूला, स्वच्छ, गोल, काठाला एकही चिंधी नसलेले भोक पाडले. मग डाव्यालाही तसेच. टाचेतली गुडदी तशीच राहू दिली. ती चांगली बसली होती. "आणि ही नाडी. ही अशी बांधतात." मी बांधून दाखवली. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणीचा, मित्रांना दारातून परत पाठवणारा भाव होता.

मग मी पानाला फोन केला. "काय रे गेज्या," तो म्हणाला, "तुझं पोरगं म्हणालं तुला मोडीत काढलंय."

"बूट काढलेत मोडीत. मी येतोय."

"मग काय अनवाणी येतोस? साधूबिधू झालास का?"

"नवे घेतो."

नवा बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नये, आधी महिनाभर तो घरात, जिन्यावर, बाजारात वागवावा, हे मी या मंडळींना इतक्या वेळा ऐकवले होते की ते माझ्या पाठीमागे माझ्या आवाजात म्हणून दाखवत. "टाचा सोलून निघतील तुझ्या," पाना म्हणाला. "सोलू देत," मी म्हणालो, "चिकटपट्ट्या आण." दुकानातल्या पोऱ्याने विचारले, "कुणासाठी हवेत, आजोबा? नातवासाठी?" त्यावर मी काय बोललो ते बरोबर आलेल्या सूनबाईने रात्री जेवताना सर्वांना अभिनयासह करून दाखवले, म्हणून इथे पुन्हा सांगत नाही.

मुलाने एकच अट घातली, की तो बरोबर येणार. तो आला. तो वाटभर माझ्या एक पाऊल मागे राहिला आणि दर चढाला त्याचा हात माझ्या पाठीशी वीतभर अंतरावर येऊन थांबे; तो दिसत नसला तरी मला जाणवत होता, आणि मी रागावून अधिक भरभर चालत होतो. नवे बूट करकरत होते. डावी टाच अर्ध्या वाटेतच हुळहुळू लागली. हवेत ओल्या गवताचा वास होता. ते वळण आले, जिथे ती नुसतीच बसली होती. या वेळी मी घड्याळ पाहिले नाही, आणि बसलोही नाही. पुढे ओढा लागला. पाना आणि बाकीची मंडळी धापा टाकत, एकमेकांना शिव्या घालत, दगडांवरून उड्या मारत पार झाली. मी काठाशी उभा राहिलो. दगड तेच होते, मला पाठ होते, पण त्यांच्यातले अंतर वाढले होते. उड्या नकोत, डॉक्टर म्हणाले होते. चालत राहा, असेही म्हणाले होते.

मी सरळ पाण्यात उतरलो.

"बाबा! अहो बूट! नवे बूट!" मुलगा मागून ओरडला. पलीकडून पाना म्हणाला, "मेला, वहिनींसारखा आला बघा!" पाणी थंड आणि वेगाचे होते. ते शिवणीवरून गेले, नाड्यांवरून गेले, नाडी ओवण्याच्या वरच्या कड्यांपर्यंत चढले. मी ओढ्याच्या मध्यभागी आलो आणि उभा राहिलो. दोन्ही पायांवर सारखा भार. मुलगा काठावर हात पुढे करून वाकला होता. "धरा ना हात! लवकर बाहेर या, आत पाणी जाईल!"

"ओरडू नकोस," मी म्हणालो. "थांब. चाचणी चालू आहे."